तोल सावरताना : पक्षाघातानंतरची चक्कर

पक्षाघाताला आपल्याकडे अनेक नावे आहेत. कोणी लकवा म्हणते, कोणी अर्धांगवायू म्हणते. आमच्या कोल्हापूर भागात ‘अंगावरनं वारं गेलं’ असे म्हणण्याची रीत आहे. या सर्व नावांतून डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. एक हात लुळा पडला आहे, एक पाय ओढत आहे, तोंड वाकडे झाले आहे. परंतु पक्षाघाताचे आणखी एक दुखणे असे आहे की जे पाहणाऱ्याला दिसत नाही आणि ज्याला होते त्याला नीट सांगता येत नाही. ते म्हणजे चक्कर येणे आणि तोल जाणे. हात-पाय परत चालू लागले, बोलणे सुधारले, म्हणजे रोगी बरा झाला असे घरचे मानतात. तो मात्र भिंत धरून चालत असतो. “आता काय झालंय तुला?” असे कोणी विचारले की त्याला उत्तर देता येत नाही.

मी डॉक्टर नाही. बँकेत कारकून आहे. परंतु माझ्या थोरल्या बंधूंच्या आजारपणात या विषयाशी जवळून संबंध आला. डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांना प्रश्न विचारून, वाचन करून जे समजले ते संस्थेच्या सभासदांपुढे व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तोल म्हणजे काय?

आपण दोन पायांवर सरळ उभे राहतो ही गोष्ट आपल्याला इतकी सोपी वाटते की तिचा विचारही मनात येत नाही. प्रत्यक्षात त्यासाठी मेंदूकडे तीन ठिकाणांहून सतत बातमी येत असते. पहिली बातमी डोळ्यांकडून : समोरची भिंत सरळ आहे की कलली आहे. दुसरी अंतर्कर्णाकडून : तेथे पाणी भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका प्रत्येक कानात असतात आणि डोके कोणत्या दिशेला, किती वेगाने वळले ते त्या कळवतात. तिसरी बातमी तळपाय, घोटे, गुडघे व मान यांच्याकडून : जमीन कठीण आहे की मऊ, भार कोणत्या पायावर आहे.

बँकेत दिवसअखेरीस रोकड, व्हाउचर आणि लेजर यांचा मेळ बसावा लागतो. तीन ठिकाणचे आकडे जुळले की शाखा बंद करून घरी जाता येते. एका ठिकाणी जरी फरक पडला तरी सगळी शाखा अस्वस्थ होते. मेंदूचेही तसेच आहे. या तिन्ही बातम्यांचा मेळ मेंदूच्या देठात आणि मागच्या बाजूस असलेल्या लहान मेंदूत घातला जातो. हिशेब जुळला की आपण न विचार करता चालतो. तो जुळेनासा झाला की घर फिरते, जमीन हलते, पाय भलतीकडे पडतो.

मेंदूच्या या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या वेगळ्या आहेत. पक्षाघाताच्या सुमारे पाच रोग्यांपैकी एकाला या मागच्या भागात झटका येतो. अशा वेळी हातापायांत ताकद शाबूत असू शकते. परंतु गरगरणे, उलट्या, एकाचे दोन दिसणे, गिळताना ठसका लागणे, उभे राहिले की एका बाजूला झुकणे ही लक्षणे दिसतात. १८९५ साली ॲडॉल्फ वॉलेनबर्ग या जर्मन डॉक्टरांनी मेंदूच्या देठातील अशा एका झटक्याचे सविस्तर वर्णन केले. तो लक्षणसमूह आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

‘पित्त झालं असेल’

माझे थोरले बंधू एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. एके दिवशी सकाळी त्यांना अचानक गरगरू लागले व उलट्या सुरू झाल्या. हात-पाय हलत होते, बोलणे समजत होते. त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे एकच मत पडले, पित्त झाले असेल. एका दवाखान्यात पित्ताचे इंजेक्शन व सलाईन देऊन त्यांना घरी पाठवण्यात आले. मी तेव्हा बदलीच्या गावी होतो. दुसऱ्या दिवशी ते उभेच राहू शकेनात, तेव्हा मोठ्या रुग्णालयात नेले आणि लहान मेंदूला झटका आल्याचे निष्पन्न झाले. ते वाचले, आज चालतातही. परंतु एक मोलाचा दिवस हातचा गेला.

म्हणून पहिली गोष्ट ही की चक्कर अचानक आली आणि तिच्याबरोबर बोलणे अडखळणे, चेहरा वाकडा होणे, एका बाजूचा हात किंवा पाय दुबळा किंवा बधिर होणे, दोन-दोन दिसणे, गिळता न येणे, भयंकर डोकेदुखी, किंवा आधाराशिवाय उभेच न राहता येणे यांपैकी काहीही असेल, तर ते पित्त समजू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रोगी शेवटचा केव्हा ठणठणीत होता ती वेळ कागदावर लिहून घ्यावी. त्याला पाणी, चहा, औषध काहीही पाजू नये, कारण गिळण्याची क्रिया बिघडली असल्यास ते श्वासनलिकेत जाते. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पक्षाघातावर उपयोगी पडते हे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीने सिद्ध झाले. परंतु ते साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही याची सी.टी. स्कॅनने खात्री करावी लागते. मागच्या भागातील ताजा झटका सी.टी. स्कॅनमध्ये पुष्कळदा दिसत नाही. म्हणून ‘स्कॅन नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान न मानता, लक्षणे राहिल्यास डॉक्टरांना पुन्हा विचारावे. एकदा पक्षाघात होऊन गेलेल्या माणसाच्या बाबतीत तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

चक्कर एक, प्रकार अनेक

मराठीत आपण ‘चक्कर’ या एकाच शब्दात चार-पाच वेगळ्या गोष्टी कोंबतो. डॉक्टरांपुढे मात्र त्या वेगळ्या करून सांगितल्या पाहिजेत, कारण प्रत्येकीचे कारण वेगळे आणि उपायही वेगळा.

खोली गोल फिरल्यासारखी वाटते ती भोवळ. ती मेंदूतील जखमेमुळे असू शकते. पण बिछान्यात कूस बदलताना, वर पाहताना किंवा खाली वाकताना भोवळ येऊन एका मिनिटाच्या आत थांबत असेल, तर अंतर्कर्णातील कॅल्शियमचे बारीक कण जागेवरून सुटून नलिकेत शिरले असण्याचा संभव असतो. हा आजार पक्षाघात झालेल्यालाही होऊ शकतो, आणि त्यावर डोके ठराविक क्रमाने वळवून कण परत जागी नेण्याची साधी पद्धत आहे. डॉक्टर ती तपासणीच्या टेबलावरच करतात.

उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, तेव्हा बहुधा रक्तदाब एकदम उतरलेला असतो. दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहणे, पाणी कमी पिणे, उन्हाळा, रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोस ही त्याची कारणे होत. अशा रोग्याचा रक्तदाब आधी आडवे असताना आणि मग उभे राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी मोजावा.

डोके अगदी ठीक आहे, पण चालताना पाय झोकांड्या खातात, हा तोलाचा बिघाड होय. लहान मेंदूची जखम, पायातील अशक्तपणा किंवा तळपायाची गेलेली संवेदना हे त्यामागे असते. काही रोग्यांचे आपल्या एका बाजूकडे लक्षच जात नाही; त्या बाजूच्या दाराच्या चौकटीला ते खांदा आपटून घेतात. आणि मधुमेही रोग्याला घाम, थरथर व भुकेसह गरगरले, तर रक्तातील साखर उतरली आहे का ते ताबडतोब पाहावे.

यासाठी एक साधी वही ठेवावी. चक्कर केव्हा आली, काय करताना आली, किती वेळ टिकली, जेवण व औषध केव्हा घेतले होते, एवढे चार रकाने पुरेत. घरातील शाळकरी मुले हे काम उत्तम करतात. पंधरा दिवसांची अशी वही पाहून डॉक्टरांना जे कळते ते ‘सारखं गरगरतं’ या दोन शब्दांतून कळत नाही.

गोळ्यांविषयी दोन धोके

पहिला धोका चक्करेच्या गोळीचा. सुरुवातीचे काही दिवस भोवळ व उलट्या थांबवण्यासाठी डॉक्टर ती देतात आणि तेव्हा ती आवश्यकही असते. परंतु पुष्कळ घरांत तीच चिठ्ठी दाखवून महिनोन्महिने गोळ्या आणल्या जातात. यातील काही गोळ्या मेंदूला सुस्त करतात. झोप येते, तोल आणखी जातो, आणि मेंदूचे स्वतःहून सावरण्याचे काम लांबणीवर पडते. काही गोळ्यांच्या दीर्घ वापराने हातापायांत ताठरपणा व कंप येऊ शकतो. म्हणून ‘ही गोळी किती दिवस?’ हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा.

दुसरा धोका याच्या नेमका उलट आणि अधिक गंभीर आहे. गरगरते म्हणून रोगी आपल्या मनानेच रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या बंद करतो. आमच्या काउंटरवर दर महिन्याला पेन्शन घ्यायला येणारे एक गृहस्थ होते. पक्षाघातातून उठून काठी टेकत ते स्वतः येत. “गोळ्या सोडल्या, आता डोकं हलकं वाटतंय,” असे त्यांनी एकदा मोठ्या समाधानाने सांगितले. पुढच्या दोन महिन्यांनी त्यांचा मुलगा त्यांच्या मृत्यूचा दाखला घेऊन आला. दुसऱ्यांदा झटका आला होता. गोळ्या सोडल्यामुळेच तो आला असे मी म्हणू शकत नाही. परंतु त्या गोळ्या दुसरा झटका टाळण्यासाठीच असतात, हे प्रत्येक रोग्याने ध्यानात ठेवावे. डोस कमी करणे, वेळ बदलणे, गोळी बदलणे हे सर्व शक्य असते, पण ते डॉक्टरांनी करायचे असते.

मेंदू पुन्हा शिकतो

व्हिएन्ना येथील रॉबर्ट बारानी यांना अंतर्कर्ण व तोल यांवरील संशोधनाबद्दल १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. कानात थंड किंवा गरम पाणी सोडले की रोग्याला भोवळ का येते, याचा त्यांनी उलगडा केला. पुढे १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या डॉक्टरांनी चक्करेच्या रोग्यांना अंथरुणात पाडून ठेवण्याऐवजी डोळे, मान आणि शरीर मुद्दाम हलवण्याचे व्यायाम दिले. त्यामागचे तत्त्व असे की चुकीच्या बातमीचा मेंदूला वारंवार अनुभव मिळाला तरच तो ती दुरुस्त करून घ्यायला शिकतो. पडून राहिलेल्याला ही शिकवणी मिळतच नाही.

फिजिओथेरपिस्ट साधारणपणे पुढील क्रमाने नेतात. प्रथम आधाराशिवाय बसण्याचा सराव. नंतर बसल्या जागी हात लांब करून अंगठा डोळ्यांपुढे धरायचा, नजर अंगठ्यावर ठेवून मान सावकाश डावी-उजवीकडे व वर-खाली करायची. त्यानंतर खुर्चीवरून उठणे व बसणे. मग स्वयंपाकघरातील ओट्याला धरून उभे राहणे, भार एका पायावरून दुसऱ्यावर घेणे, आणि हळूहळू ओट्यावरची बोटे कमी करत जाणे. उभ्याचा सराव एकट्याने करू नये. पाठीमागे भिंतीचा कोपरा, समोर खुर्ची आणि जवळ एक माणूस असावा. व्यायाम करताना थोडे गरगरणे अपेक्षितच आहे. ते काही मिनिटांत शमले तर ठीक. फार वेळ टिकले तर दुसऱ्या दिवशी व्यायाम कमी करावा.

आपले पैलवान आखाड्यात कसे उभे राहतात पाहा. पाय फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, कंबर खाली. पाया रुंद आणि शरीराचा भार खाली असला की तोल सहसा जात नाही. खासबागच्या मैदानात कुस्ती पाहिलेल्या कोल्हापूरकराला हे वेगळे शिकवायला नको. पाय थोडे फाकवून चालणारा रोगी हेच करीत असतो. त्याला हसू नये.

सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत अधिक वेगाने होते. त्यानंतर वेग मंदावतो, पण सरावाने पुढेही फरक पडत राहतो. माझे बंधू सहा महिन्यांनी रंकाळ्यावर फिरायला जाऊ लागले. सकाळी लवकर, गर्दी नसताना ते व्यवस्थित चालत. सायंकाळी मात्र माणसांची ये-जा, गाड्यांचे दिवे, मुलांची पळापळ यांनी त्यांना पुन्हा गरगरे. याचे कारण असे की कान आणि पाय यांच्यावरचा विश्वास उडालेला मेंदू डोळ्यांवर फार विसंबतो, आणि सभोवार सगळेच हलू लागले की तो आधारही जातो. अशा रोग्याला पहिल्याच दिवशी महाद्वार रोडच्या गर्दीत नेऊ नये. गर्दीची सवयही पायरीपायरीने करावी.

घरातील व्यवस्था

पडण्याचे प्रसंग रस्त्यापेक्षा घरातच पुष्कळ येतात. न्हाणीतील गुळगुळीत ओली फरशी ही पहिली शत्रू. तेथे बसून आंघोळ करण्यासाठी स्टूल, भिंतीला घट्ट बसवलेला दांडा आणि पाय न घसरणारी रबरी चटई असावी. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसून उठणे अवघड, म्हणून त्यावर ठेवायची खुर्ची मिळते ती आणावी. पायपुसण्याचे पोते, दुमडणारी सतरंजी, टी.व्ही.ची लोंबणारी वायर काढून टाकावी. उंबरठ्याला ठळक रंग द्यावा. बिछान्यापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा चालू ठेवावा, कारण अंधारात डोळ्यांची बातमी बंद होते व तोल अधिक जातो.

कोल्हापुरी चप्पल हा आपल्या गावाचा अभिमान आहे. परंतु पायात शक्ती किंवा संवेदना कमी असलेल्याने ती काही काळ बाजूला ठेवावी. मागे पट्टा नसल्याने ती पायातून निसटते आणि चामड्याचा तळ गुळगुळीत फरशीवर घसरतो. टाचेला धरून राहणारे, न घसरणाऱ्या तळाचे बूट किंवा सँडल वापरावेत.

झोपेतून एकदम उठू नये. कुशीवर वळावे, पाय खाली सोडून दोन मिनिटे बसावे, पाय हलवावेत, मगच उभे राहावे. विहारात वंदनेसाठी जमिनीवर बसणे-उठणे जमत नसेल तर खुर्चीवर बसावे, वाकण्याऐवजी हात जोडावेत. त्यात कमीपणा नाही. काठी चांगल्या बाजूच्या हातात धरावी आणि तिची मूठ उभे असताना मनगटाच्या उंचीला यावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी टाकावा. आधार देणाऱ्याने दुबळ्या बाजूला किंचित मागे राहावे; लुळा हात धरून ओढू नये, खांदा निखळतो. रोगी पडलाच, तर घाईने उचलू नये. दुखापत नाही याची खात्री करून, खुर्चीच्या आधाराने त्याला उठू द्यावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर बाहेरून जखम दिसत नसली तरी रुग्णालयात न्यावे.

काठीची लाज

पुष्कळ रोगी काठी घ्यायला तयार होत नाहीत. लोक काय म्हणतील ही भीती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेताना आणि देताना बाबासाहेबांच्या हातात काठी होती, हे त्या दिवसाची छायाचित्रे पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यांना पक्षाघात नव्हता, मधुमेह व पायांचे दुखणे होते. परंतु आधार घेऊन उभे राहिलेला माणूस दुबळा नसतो, हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही. फ्रान्सचे लुई पाश्चर यांना १८६८ साली वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पक्षाघात होऊन डावी बाजू गेली. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लस त्यांनी त्यानंतर सतरा वर्षांनी, १८८५ साली प्रथम माणसाला टोचली.

पडण्याची भीती ही पडण्याइतकीच घातक आहे. भीतीमुळे माणूस उठत नाही, न उठल्याने पाय आणखी दुबळे होतात, आणि दुबळ्या पायांनी खरोखर पडतो. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रोग्यांना उदासीनता घेरते. रडणे, चिडणे, जेवण टाकणे याला ‘नखरे’ म्हणू नये; त्यावरही उपचार आहेत.

मदत कोठे मिळते?

कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सी.पी.आर., हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. कायमचे अपंगत्व राहिल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रमाणपत्र मिळू शकते. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असल्यास अनेक सवलती लागू होतात.

माझ्या खात्यातील गोष्ट सांगतो. पेन्शनरांनी नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी तोल सावरत बँकेचा जिना चढण्याची आता गरज नाही. २०१४ पासून डिजिटल दाखल्याची सोय आहे आणि मोबाईलवर चेहऱ्याच्या ओळखीनेही तो घरून देता येतो. सत्तर वर्षांवरील व दिव्यांग ग्राहकांना घरपोच सेवा देण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना दिल्या आहेत. हात थरथरून सही जुळत नसेल, तर साक्षीदारांसमक्ष अंगठ्याने पैसे काढता येतात. ही सोय मागण्यास संकोच करू नये. तो उपकार नव्हे.

शेवटी एवढेच सांगावेसे वाटते की पक्षाघात पुष्कळ अंशी टाळता येतो. रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. दिवसाला एक चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅमपेक्षा अधिक मीठ पोटात जाऊ देऊ नये. लोणचे, पापड व खारे दाणे त्यातच धरावेत. तंबाखू व विडी सोडावी, आणि आपल्या मायभगिनींनी मिश्रीही सोडावी. विद्यार्थी मित्रांनी हा लेख घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावा. आणि संस्थेच्या कार्यकारिणीस माझी एक नम्र सूचना आहे : आपल्या सभागृहाच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा बसवावा व मागच्या रांगेत दहा खुर्च्या कायम ठेवाव्यात. पक्षाघातातून उठलेला आपला एखादा सभासद केवळ पायऱ्यांच्या भीतीने घरी बसून राहिला असेल, तर त्याला परत आपल्यात आणण्यासाठी एवढा खर्च फार नाही.